कम्युनिटी कॉलेज: लाज सोडा, पण पहिल्या दिवसापासून प्लॅन करा

अमेरिकेतल्या आपल्या मराठी लोकांत एक पक्कं ठरलेलं असतं, कम्युनिटी कॉलेज म्हणजे मार्क कमी पडले म्हणून जायची जागा. गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये जेवणाच्या लाइनीत उभं असताना कुणाचा मुलगा बर्कलीला, कुणाची मुलगी यूसीएलएला असं चाललेलं असतं आणि ज्यांचं मूल घराजवळच्या कॉलेजात जातं ते आईवडील हळूच विषय बदलतात. मला हे बघवत नाही, कारण मी स्वतः अशा कॉलेजात शिकलेय आणि माझी लेकही तिथूनच पुढे यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला (बर्कली, यूसीएलए तिचेच कॅम्पस), गेली. म्हणून जे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं ते सगळं इथे लिहून ठेवतेय. मी कॅलिफोर्नियात, बे एरियात राहते, त्यामुळे बहुतेक माहिती इथली आहे, बाकी राज्यांचं थोडं मधे सांगेन.

आधी हे कॉलेज असतं काय ते. अमेरिकेत पदवी ४ वर्षांची, त्यातली पहिली २ वर्षं तुम्ही कम्युनिटी कॉलेजात करायची आणि मग तिसऱ्या वर्षाला मोठ्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घ्यायची, हा एक रस्ता. दुसरा म्हणजे तिथेच सर्टिफिकेट किंवा २ वर्षांची असोसिएट डिग्री घेऊन सरळ कामाला लागायचं. ही काही नवीन टूम नाही, इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ सालचं आहे, कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोला १९१० मध्ये सुरू झालं, आणि १९६० मध्ये कॅलिफोर्नियाने मास्टर प्लॅन केला तेव्हापासून यूसी, सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) आणि कम्युनिटी कॉलेज ही तिन्ही एकमेकांना जोडलेली आहेत. आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. कुपर्टिनोचं डी अँझा, लॉस अल्टोस हिल्सचं फूटहिल, फ्रीमाँटचं ओहलोनी, सँटा क्लाराचं मिशन, आपली माणसं जिथे जिथे राहतात तिथे १५-२० मिनिटांवर एक तरी आहेच. अॅपलचा स्टीव्ह वॉझनिअॅक डी अँझात शिकलाय आणि टॉम हँक्स हेवर्डच्या शबो कॉलेजात, हे मी जेवणाच्या लाइनीत मुद्दाम सांगते.

आता पैशाचं, कारण सगळ्यात आधी तेच विचारलं जातं. इथे कोर्स युनिटमध्ये मोजतात. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला एका युनिटला ४६ डॉलर, आणि जिथे क्वार्टर सिस्टीम (सेमिस्टरऐवजी वर्षाचे आणखी छोटे भाग) आहे तिथे ३१ डॉलर. ट्रान्सफरला सेमिस्टरची ६० किंवा क्वार्टरची ९० युनिट लागतात. म्हणजे गुणाकार केला तर दोन वर्षांची फी २,८०० डॉलरच्या आतच बसते, वर थोडी हेल्थ फी, पार्किंग वगैरे. यूसीची नुसती ट्युशन-फी वर्षाला १५ हजारांच्या घरात आहे, राहणं-खाणं धरलं की ४० हजारांच्या पुढे जाते. मूल घरी राहतं, घरचं जेवतं, तो खर्च वाचतो तो वेगळाच. आणि शेवटी हातात येणाऱ्या डिग्रीवर त्या युनिव्हर्सिटीचंच नाव असतं, पहिली दोन वर्षं कुठे काढली ते त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. त्यातून जे पहिल्यांदाच फुलटाइम कॉलेज करतायत त्यांना कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिसखाली बऱ्याच कॉलेजात दोन वर्षं फी माफ होऊ शकते, आणि उत्पन्न कमी असेल तर वेगळी फीमाफी आहे, फायनान्शियल एड ऑफिसात जाऊन आपल्या स्टेटसला काय लागू होतं ते विचारायचंच, संकोच करायचा नाही.

पण हा ४६ डॉलरचा भाव रहिवाशाचा आहे हं. नॉन-रेसिडेंट असाल तर त्यावर आणखी युनिटमागे शेकडो डॉलर लागतात, मग सगळं गणितच बदलतं. रहिवासी ठरायला टर्म सुरू व्हायच्या आधी एक वर्ष आणि एक दिवस कॅलिफोर्नियात राहिलेलं असावं लागतं आणि इथेच राहायचा इरादा आहे हे कागदांनी दाखवावं लागतं. इथे एच-४ वर, म्हणजे एच-१बी वर काम करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, आलेल्या बायकांना एक गोष्ट कळकळीने सांगते. एच-४ वर शिकायला पूर्ण परवानगी आहे, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) करायची गरज नाही, आणि एच-४ वर असूनही तुम्ही कॅलिफोर्नियाच्या रहिवासी ठरू शकता. अडतं कुठे तर कागदात, कारण घराचं लीज नवऱ्याच्या नावावर, वीजबिल त्याच्या नावावर, गाडी त्याच्या नावावर, आणि तुम्ही इथे राहता याचा पुरावा म्हणून तुमच्याकडे फक्त पासपोर्टवरचा शिक्का. म्हणून इथे आल्या आल्या, कॉलेजचा विचार नसला तरी, लीजवर आपलं नाव घाला, जॉइंट बँक अकाउंट काढा, डीएमव्हीत (आपल्या आरटीओसारखं ऑफिस) जाऊन कॅलिफोर्नियाचं लायसन्स नाहीतर आयडी घ्या, टॅक्स रिटर्न जॉइंट भरा. मी २००९ मध्ये आले आणि हे काहीच केलं नव्हतं, त्यामुळे दीड वर्ष इथे राहूनही पहिल्या टर्मला मला नॉन-रेसिडेंट धरलं आणि ती टर्म मला सोडून द्यावी लागली. आईवडील व्हिजिटर व्हिसावर आले असतील तर मात्र त्यांचं नाव कोर्सला घालायला जाऊ नका, बी-२ वर तसं शिकता येत नाही.

माझं नाशिकचं बी.कॉम., सीएच्या ऑफिसात तीन वर्षं काम केलेलं, आणि इथे येऊन एकदम रिकामं बसणं. एच-४ वाल्यांना कामाची परवानगी २०१५ पासून मिळायला लागली, तीही ज्यांच्या नवऱ्याचं किंवा बायकोचं ग्रीन कार्डचं काम ठरावीक टप्प्यापर्यंत गेलंय त्यांनाच, पण शिकायला कुणी अडवलेलं नव्हतं. मी अकाउंटिंगचे दोन क्लास घेतले, मग टॅक्सचा, मग पेरोलचा. पहिल्या क्लासला शेजारी १९ वर्षांचा मुलगा, पुढे एक ६० वर्षांचे व्हिएतनामी काका, मागे एक बाई नर्सची ड्यूटी संपवून आलेली. वर्गात चाळीसेक जण, शिकवणारे सर नावाने हाक मारायचे आणि ऑफिस अवर्सना खरंच भेटायचे. परवानगी आली तेव्हा माझ्याकडे इथलं सर्टिफिकेट होतं, इथल्या सरांचं रेफरन्स लेटर होतं आणि इथल्या टॅक्सची भाषा तोंडात बसलेली होती. तीन महिन्यांत बुककीपिंगचं काम मिळालं. घरात बसून काढलेल्या वर्षांची भरपाई माझ्यापुरती तरी त्या वर्गांनी केली.

बायका मला नेहमी विचारतात की काय शिकू. प्रीस्कूलमध्ये शिकवायचं असेल तर अर्ली चाइल्डहुड एज्युकेशनचे कोर्स घ्या, कॅलिफोर्नियात लायसन्स असलेल्या सेंटरमध्ये टीचर व्हायला १२ युनिट लागतात आणि ६ झाली की उरलेली करता करता सुरुवात करता येते, आपल्याकडच्या कितीतरी जणी याच रस्त्याने गेल्यात. नर्सिंगची असोसिएट डिग्री घेऊन आरएनची (रजिस्टर्ड नर्सची) परीक्षा देता येते, पण तिथे प्रवेशाला मोठी रांग असते आणि अॅनाटॉमी, फिजिऑलॉजीसारखे विषय आधी करावे लागतात, तयारी ठेवा. इंग्रजी बोलायचा धीर होत नसेल तर नॉन-क्रेडिट ईएसएल (इंग्रजी शिकवणारे क्लास) घ्या, त्याला ट्युशन लागत नाही. आणि एखादा क्लास नुसता आवडीसाठी, पॉटरी नाहीतर फोटोग्राफी, घेतलात तरी काही वाया जात नाही, माणसं भेटतात, आणि इथे पहिल्या वर्षात माणसं भेटणं ही केवढी मोठी गोष्ट आहे ते नवीन आलेल्या बाईलाच कळेल.

भारतातली डिग्री असेल तर तिचं मूल्यमापन करून घ्यायचं, डब्ल्यूईएससारख्या संस्था करतात, पण आधी कॉलेजला विचारा की तुमच्या कोर्सला ते लागतं का आणि कुठल्या संस्थेचं चालतं. उगाच आधी पैसे भरून बसू नका.

आता मुलांचं, म्हणजे ट्रान्सफरचं. इथे सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून जरा सविस्तर.

माझी लेक २०२१ मध्ये हायस्कूलमधून बाहेर पडली. हव्या त्या यूसीत नाही मिळालं, एका लांबच्या राज्यात मिळत होतं पण वर्षाला ५० हजारांच्या वर खर्च. ती दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. मग आम्ही दोघी डायनिंग टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलो आणि मी तिला दोन शब्द दाखवले, असिस्ट आणि टॅग. हे दोन शब्द ज्या घराला माहीत आहेत त्या घराने घाबरायचं काही कारण नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

असिस्ट म्हणजे राज्याची वेबसाइट आहे, तिथे तुमचं कम्युनिटी कॉलेज निवडायचं, ज्या यूसी किंवा सीएसयूत जायचंय ते निवडायचं, मेजर (मुख्य विषय) निवडायचा, आणि मग समोर तक्ता येतो की तिथला अमुक कोर्स म्हणजे इथला तमुक कोर्स. हा तक्ता पहिल्या टर्मच्या आधी, परत सांगते, आधी, प्रिंट करून फ्रिजवर लावा. तक्ता वर्षाप्रमाणे बदलतो, त्यामुळे वर्ष बरोबर निवडलंय ना ते बघा. एकाच मेजरला डेव्हिसला वेगळे कोर्स लागतात आणि सँटा बार्बराला वेगळे, म्हणून दोन-तीन कॅम्पसचे तक्ते शेजारी शेजारी ठेवून जे सगळीकडे लागतात ते आधी घ्यायचे. लेकीने पहिल्या क्वार्टरला एका काउन्सेलरच्या सांगण्यावरून एक मॅथचा कोर्स घेतला, ए मिळाला, आणि नंतर असिस्टवर बघितलं तर तिच्या मेजरला तो धरतच नव्हते, दुसरा त्याच्यासारख्याच नावाचा लागत होता. एक क्वार्टर गेला. काउन्सेलर चांगले असतात, त्यांना भेटायलाच हवं, दर टर्मला भेटा, एज्युकेशन प्लॅन लिहून घ्या, पण एकेका काउन्सेलरकडे शेकड्याने मुलं असतात, त्यामुळे शेवटची जबाबदारी आपली, तक्ता आपण स्वतः वाचायचा.

टॅग म्हणजे ट्रान्सफरची हमी. यूसीचे ६ कॅम्पस ती देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो देत नाहीत, तिथे नेहमीचा अर्ज करायचा. ठरलेले कोर्स केले, ठरलेला जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) ठेवला, तर जागा पक्की, एवढं साधं आहे. जीपीए कॅम्पस आणि मेजरप्रमाणे बदलतो, ३.५ डोळ्यासमोर ठेवून चाला म्हणजे धाकधूक राहत नाही. टॅग एकाच कॅम्पसला लावता येतो, अर्ज १ ते ३० सप्टेंबर, आणि त्याआधी सेमिस्टरची ३० किंवा क्वार्टरची ४५ युनिट झालेली लागतात. आणि हे नीट ऐका, टॅग भरला म्हणजे अॅडमिशन झाली असं नाही, त्यानंतर शरद ऋतूतच, नोव्हेंबरअखेरपर्यंत धरून चाला, यूसीचा मुख्य अर्जही भरावा लागतो, तो विसरलात की हमी गेली. आमच्या ओळखीतल्या एका मुलाचं असं झालंय आणि त्याचं अख्खं वर्ष गेलं. काही मेजरला, खासकरून कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनिअरिंगला, काही कॅम्पस टॅग देतच नाहीत, तेही आधीच बघून घ्या, कारण आपल्या घरांत निम्म्या मुलांचं तेच ठरलेलं असतं.

सीएसयूला जायचं असेल, म्हणजे सॅन होजे स्टेट, कॅल पॉली वगैरे, तर असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर करा, त्याने सीएसयूमध्ये कुठेतरी तिसऱ्या वर्षाला जागा नक्की मिळते. मात्र हमी सिस्टीमची आहे, तुम्हाला हव्या त्याच कॅम्पसची नाही. आणि जनरल एज्युकेशनचे जे कोर्स सगळ्यांना लागतात त्यांचा आता कॅल-जीईटीसी नावाचा एकच साचा यूसी आणि सीएसयू दोन्हीला चालतो, जुन्या मुलांकडून जुनी यादी घेऊन बसू नका.

या रस्त्याचा मला सगळ्यात मोठा वाटलेला फायदा पैशाचा नाहीये. टॅगला हायस्कूलचे मार्क विचारत नाहीत, एसएटी ही प्रवेशपरीक्षा तर यूसी आता कुणाचीच बघत नाही. म्हणजे १६ व्या वर्षी जे मूल आजारी होतं, उदास होतं, किंवा नुसतंच अजून जागं झालेलं नव्हतं, त्याला १८ व्या वर्षी पाटी कोरी करून मिळते. आपल्याकडे बारावीचा एक निकाल माणसाच्या आयुष्यभर मागे लागतो हे मी माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत बघितलंय. इथे तसं नाही, आणि तरीही आपण तेच ओझं विमानात घालून इथे घेऊन येतो आणि पोरांच्या डोक्यावर ठेवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

तोटेही सांगते, लपवण्यासारखं काही नाही. हॉस्टेलचं आयुष्य मिळत नाही, क्लास संपला की सगळे पार्किंगकडे, मित्र मुद्दाम करावे लागतात, एखाद्या क्लबमध्ये जावं लागतं. लेकीला पहिले सहा महिने फार एकटं वाटलं, मग ट्युटरिंग सेंटरमध्ये तिने काम धरलं आणि तिथेच तिची टोळी जमली. क्वार्टर सिस्टीम पळते, १२ आठवड्यांत सगळं आटोपतं, दुसऱ्याच आठवड्यात आजारी पडलं की मिडटर्म समोर उभी. आणि घरी राहतं म्हणून मुलाला किराणा आण, भावाला शाळेतून आण, पाहुणे आलेत खाली ये, असं करू नका. एका युनिटला आठवड्याचे साधारण ३ तास धरा, क्लास आणि अभ्यास मिळून, म्हणजे १२ युनिट घेतलेलं मूल ३६ तासांची नोकरी करतंय असं समजून घरच्यांनी वागायचं.

अजून एक, पालकांना हे पचत नाही. कॉलेजात नाव घातलं की मार्क, हजेरी, फी काहीही कॉलेज तुम्हाला सांगणार नाही, कायद्याने ती माहिती मुलाची, अगदी तो १६ वर्षांचा असला तरी. प्रोफेसरला आईने ईमेल करायचा नाही. हे हायस्कूलमध्ये असताना कॉलेजचे क्लास घेणाऱ्यांनाही लागू आहे, ज्याला ड्युअल एनरोलमेंट म्हणतात. ती सोय उत्तम आहे, बऱ्याच ठिकाणी हायस्कूलच्या मुलांना फी माफ असते, नववी-दहावीपासून मुलं घेतात, पण तिथला ग्रेड कायमचा कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर (ग्रेडच्या अधिकृत नोंदीवर) बसतो आणि पुढे यूसीला दाखवावाच लागतो. शेजारच्या मुलीने घेतला म्हणून आपल्या मुलाला कॅल्क्युलसला ढकलू नका, सी आला तर तो सोबत येतो.

न्यू जर्सीवाल्यांसाठी थोडं: तिथे ही कॉलेजं काउंटीची असतात, आपल्या काउंटीतल्यांना सगळ्यात कमी फी, एडिसनमध्येच मिडलसेक्स कॉलेज आहे. हायस्कूलच्या वर्गात पहिल्या १५ टक्क्यांत असाल तर एनजे स्टार्स नावाची योजना आहे, काउंटी कॉलेजची ट्युशन सुटते. टेक्सासमध्ये डिस्ट्रिक्टप्रमाणे भाव बदलतो, प्लेनो-फ्रिस्कोकडच्यांना कॉलिन कॉलेज जवळ. एच-४ चे नियम राज्याराज्यात वेगळे आहेत, आपल्या कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

प्रत्यक्ष नाव घालायचं सोपं आहे. कॅलिफोर्नियात सीसीसी-अप्लाय नावाच्या साइटवर अर्ज, अर्जाला पैसे नाहीत. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका, लग्नाआधीचं-नंतरचं नाव मिसळलं की पुढे ट्रान्सक्रिप्ट जुळत नाही. मग ओरिएन्टेशन, मग काउन्सेलरची अपॉइंटमेंट, मग रजिस्ट्रेशनची तारीख मिळते. जो आधी अर्ज करतो, ओरिएन्टेशन आणि प्लॅन पूर्ण करतो त्याला साधारण आधीची तारीख मिळते, आणि चांगले प्रोफेसर पहिल्या दोन दिवसांत भरून जातात. पुस्तकांवर पैसे घालवायच्या आधी वेळापत्रकात शून्य पुस्तक खर्चाची खूण असलेले क्लास शोधा, आणि नाही मिळाले तर लायब्ररीत राखीव प्रत असते, दोन तास बसून वाचता येते. जमत नाही असं वाटलं तर ड्रॉप करायची तारीख कॅलेंडरमध्ये आधीच लिहून ठेवा, पहिल्या तारखेच्या आत सोडलं तर ट्रान्सक्रिप्टवर काहीच येत नाही, नंतर सोडलं तर डब्ल्यू (विथड्रॉ, म्हणजे मधेच सोडला) येतो, त्याहीनंतर जो काही ग्रेड पडेल तो पडेल.

क्लास भरलेला दिसला म्हणून खिडकी बंद करू नका, वेटलिस्टवर नाव टाका आणि पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसा, ऑनलाइन असेल तर प्रोफेसरला त्याच सकाळी दोन ओळींचा ईमेल टाका. जे नाव घालून येत नाहीत त्यांना पहिल्याच आठवड्यात काढतात आणि जे समोर बसलेत त्यांना अॅड कोड (वर्गात नाव घालायचा नंबर) देतात. मी टॅक्सच्या क्लासला गेले तेव्हा माझ्या पुढे ६ जण वेटलिस्टवर होते, त्यातले ४ आलेच नाहीत, आणि सरांनी माझ्यासमोर कोड लिहिलेली चिठ्ठी ठेवली तेव्हा घड्याळात संध्याकाळचे सव्वासात झाले होते.